एका चारीवर एकच पाटकरी : काट्यावरच्या संगणकांना नंबर कोण देतो?



गट सभांतून एक प्रश्न हल्ली हटकून निघतो. "साहेब, काट्यावर नेट गेलं म्हणजे नेमकं काय गेलं? आणि ते गेल्यावर आमच्या वजनाचं काय होतं?" प्रश्न रास्त आहे. वर्षभर, आडसालीला तर दीड वर्ष, राबून वाढवलेला ऊस काट्यावर दोन मिनिटांत मोजला जातो. त्या दोन मिनिटांत पडदा अडकला आणि काट्यावरचा माणूस "जरा थांबा" म्हणाला, की गाडीवाल्याच्या मनात शंका येणारच. तिला उत्तर म्हणून "नेट गेलंय" एवढेच मिळाले, तर शंका वाढते, कमी होत नाही.

आम्ही शेतकी खात्याची माणसे. बेणे, लागण, खत, पाणी आणि तोड हा आमचा विषय. पण आज लागणीच्या नोंदीपासून ते पंधरवड्याच्या बिलापर्यंत सगळा कारभार संगणकाच्या जाळ्यातून जातो. चिटबॉयच्या हातातली स्लिपसुद्धा त्याच जाळ्यातून येते. म्हणून संगणक विभागातील मंडळींबरोबर बसून हा विषय समजून घेतला आणि तो आपल्या भाषेत येथे मांडत आहे.

मुख्य मुद्दा आधीच सांगतो. जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला एक नंबर लागतो आणि त्या नंबरांचे वाटप आज आपोआप होते. पण ते नीट व्हावे म्हणून चार गोष्टी माणसांनी आधी ठरवून द्याव्या लागतात : राखीव नंबर कोणते, वाटायचे कोणते, मुदत किती आणि वाटणारा कोण. यातली एक जरी मोकळी सोडली, तरी त्याची झळ शेवटी केनयार्डात उभ्या असलेल्या गाडीला लागते.

दोन काटे आणि त्यांच्यामधले बोलणे

आपल्याकडे भरल्या गाडीचे वजन एका काट्यावर होते. ऊस गव्हाणीकडे उतरवून आलेल्या रिकाम्या गाडीचे वजन दुसऱ्या काट्यावर होते. पहिल्यातून दुसरे वजा जाऊन उसाचे वजन निघते आणि मगच पावती बाहेर येते. म्हणजे दुसऱ्या काट्यावरच्या संगणकाला पहिल्या काट्यावरचा आकडा कळला पाहिजे. तो कळतो जाळ्यातून.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वजन हे जाळ्यातून येत नाही. गाडी ज्या फलाटावर उभी राहते, त्याच्याखाली लोडसेल बसवलेले असतात. भार पडला की ते त्याची विजेची खूण पाठवतात, ती दर्शक यंत्रावर किलोत दिसते आणि तेथून थेट वायरीने शेजारच्या संगणकात जाते. इथवर जाळ्याचा काही संबंध नाही. जाळे फक्त आकडा एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेते. तेव्हा जाळे बंद पडले तर दर्शकावरचा आकडा बदलत नाही, तो पुढे जायचा थांबतो. पण थांबणे हेसुद्धा नुकसानच. तोडलेला ऊस उन्हात उभा राहिला की वजन घटते आणि साखरही उतरते, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

नंबर म्हणजे काय?

आपल्या जमिनीला गट नंबर असतो. नुसते "गट नंबर ४५" म्हटले तर ओळख पटत नाही, गावाचे नावही लागते. संगणकाच्या नंबराचे तसेच आहे. त्याला आयपी नंबर म्हणतात. त्यात चार आकडे असतात आणि प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला असतो. उदाहरणार्थ १९२.१६८.२०.४५. (आपल्या कारखान्याचे खरे नंबर येथे छापलेले नाहीत. ते छापायचे नसतात.) साध्या मांडणीत पहिले तीन आकडे म्हणजे गाव आणि शेवटचा आकडा म्हणजे गट नंबर. त्यांतला ० हा आकडा गावाचा स्वतःचा असतो, २५५ हा दवंडीसाठी ठेवलेला असतो. उरलेले १ ते २५४ यंत्रांना देता येतात.

१९२.१६८ ने सुरू होणारे नंबर घरगुती वापराचे म्हणून १९९६ साली जाहीर केलेल्या नियमात मोकळे ठेवले आहेत. म्हणून आपल्या कारखान्यात, शेजारच्या बँकेत आणि आपल्या घरच्या वाय-फायवर एकच नंबर सापडू शकतो आणि त्याने काही बिघडत नाही. दोन गावांत गट नंबर ४५ असला तर भांडण होत नाही. एकाच गावात दोघांचा तो असला, तर मात्र बांधावर काठ्या निघतात.

याशिवाय प्रत्येक यंत्राला जन्मखूण असते. कारखान्यातून बाहेर पडतानाच त्याच्या जाळ्याच्या भागावर बारा अक्षर-अंकांचा शिक्का बसतो. त्याला मॅक पत्ता म्हणतात. जन्मखूण सोबतच राहते, पण आयपी नंबर जागेप्रमाणे बदलतो. माणसाचे नाव तेच राहते, शिधापत्रिका मात्र गाव बदलले की बदलते, तसे हे आहे.

आणि स्विच? घरातल्या दिव्याच्या बटणाशी याचा संबंध नाही. काट्यापासून, हिशेब विभागापासून, शेतकी खात्यापासून ज्या वायरी येतात त्या सगळ्या ज्या डब्यात मिळतात, आणि जो डबा ज्याचा निरोप त्यालाच नेऊन पोचवतो, तो स्विच. मोठ्या जागी बसवायचे काही स्विच निरोप पोचवण्याबरोबर नंबर वाटण्याचेही काम करतात. आपण त्याच कामाबद्दल बोलत आहोत.

हाताने वाटप होते तेव्हा

पूर्वी प्रत्येक संगणकात नंबर हाताने लिहीत. चार-सहा यंत्रे असली तर वहीत नोंद ठेवून हे जमते. पन्नास-साठ झाली, त्यात छापयंत्रे, कॅमेरे, हजेरीची यंत्रे, गटाच्या मुलांच्या हातातली मोबाईल यंत्रे आली, की वही मागे पडते. कोणी रजेवर असताना दुसऱ्याने नंबर लिहिला, वहीत नोंद केली नाही, आणि एकाच नंबराचे दोन धनी झाले. मग कधी पहिले यंत्र बंद तर कधी दुसरे, आणि कारण कोणालाच कळत नाही.

ही अडचण जगभर होती. १९८५ साली बूटपी नावाची एक रीत निघाली. तीत यंत्राने आपली जन्मखूण सांगायची आणि तक्त्यात पाहून त्याला त्याचा नंबर द्यायचा. पण तो तक्ता कोणीतरी भरून ठेवावा लागे आणि एकदा दिलेला नंबर परत येत नसे. १९९३ मध्ये अमेरिकेतील बकनेल विद्यापीठाचे रॅल्फ ड्रोम्स यांनी पुढची नियमावली लिहिली, तिची सुधारलेली आवृत्ती १९९७ मध्ये आली. तिचे नाव डीएचसीपी. तिच्यातली मोठी गोष्ट ही, की नंबर कायमचा न देता मुदतीने द्यायचा. मुदत संपली आणि कोणी मागितला नाही, की तो परत कोठ्यात जमा.

चार वाक्यांचा व्यवहार

नवे यंत्र सुरू झाले की काय घडते ते पाहू. यंत्राला ना स्वतःचा नंबर माहीत, ना देणाऱ्याचा. म्हणून ते दवंडी पिटते : "अहो, नंबर देणारं कोणी आहे का? माझी जन्मखूण अशी अशी." दवंडी त्या भागातल्या सगळ्यांना ऐकू जाते, पण उत्तर फक्त वाटणारा देतो : "मी आहे. हा नंबर घे, एवढ्या मुदतीने." यंत्र पुन्हा जाहीरपणे सांगते : "अमक्याने देऊ केलेला नंबर मी घेतो." हे जाहीर सांगण्याचे कारण असे, की दुसऱ्या कोणी नंबर देऊ केला असेल तर त्याने आपला मागे घ्यावा. शेवटी वाटणारा म्हणतो : "मंजूर", आणि वहीत जन्मखूण, नंबर व मुदत लिहून घेतो. हे सगळे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होते.

नंबराबरोबर आणखी दोन गोष्टी सांगितल्या जातात. एक, वेशीचा नंबर. आपल्या भागाबाहेर निरोप पाठवायचा तर कोणत्या वेशीतून पाठवायचा तो. दुसरी, नावावरून नंबर सांगणाऱ्या यंत्राचा पत्ता. यंत्राला वेस चुकीची सांगितली तर ते स्वतः धडधाकट असूनही त्याचे निरोप भलतीकडे जातात. पुढे जो प्रकार सांगायचा आहे त्यात नेमके हेच झाले.

मुदतीचा हिशेब जुन्या रुपयाप्रमाणे ध्यानात ठेवावा. मुदतीचे आठ आणे संपले की यंत्र पहिल्या वाटणाऱ्याकडे जाऊन मुदत वाढवून मागते. त्याने होय म्हटले की पुन्हा पहिल्यापासून सोळा आणे. उत्तर नाहीच मिळाले तर चौदा आण्यांना ते पुन्हा सगळ्यांना विचारू लागते. सोळा आणे भरले तरी कोणी मंजुरी दिली नाही, तर नंबर सोडावा लागतो. म्हणजे वाटपाचे काम थोडा वेळ बंद पडले तरी चालू यंत्रे लगेच थांबत नाहीत. अडचण येते ती त्याच वेळी नव्याने सुरू होणाऱ्या यंत्राला.

जानेवारीत काय झाले?

२०२४-२५ च्या गळीत हंगामात, जानेवारीत, एका संध्याकाळी रिकाम्या गाड्यांच्या काट्यावर पावती निघेना. वीज लपकली होती, संगणक पुन्हा सुरू केला होता. पडदा आला, वजनाचा आकडा आला, पण भरल्या गाडीचा आकडा काही येईना. बाहेर ट्रॅक्टर, अंगद गाड्या आणि बैलगाड्या यांची रांग लागली. उतरलेल्या गाड्या बाहेर निघेनात म्हणून भरलेल्या आत येईनात. सगळीकडे एकच बोलणे, "नेट गेलं."

नेट गेलेले नव्हते. केनयार्डातल्या खोलीत बाहेरून आलेल्या कामगारांनी कॅमेऱ्याच्या कामासाठी घरगुती वाय-फायचा एक डबा आणून आपल्या जाळ्याच्या वायरीला जोडला होता. अशा डब्यात नंबर वाटण्याची सोय मुळातच चालू असते. काट्यावरच्या संगणकाने सुरू होताना दवंडी पिटली, ती स्विचलाही ऐकू गेली आणि या डब्यालाही. डबा जवळचा, त्याने आधी उत्तर दिले. यंत्र बहुधा आधी आलेला नंबर घेते. संगणकाला भलत्याच गावचा नंबर मिळाला, वेस म्हणून त्या डब्याचाच पत्ता मिळाला, आणि शेजारचा काटा त्याला परका झाला.

ज्यांनी कालव्याचे पाणी घेतले आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. शेजपाळीत पाटकरी ठरलेला असतो. कोणाचे दार कधी उघडायचे याची यादी त्याच्याजवळ असते. उद्या त्याच चारीवर दुसरा एखादा उभा राहिला आणि आपल्या मर्जीने दारे उघडू लागला, तर पाणी कमी नसतानाही टेलच्या माणसाचे रान कोरडे राहते.

त्या संध्याकाळी पावत्या नोंदवहीतून हाताने दिल्या गेल्या, डबा शोधून काढला आणि काटा सुरू झाला. पण मधल्या वेळात जो ऊस रांगेत उभा राहिला, त्याची भरपाई कोणत्याच वहीत होत नाही. म्हणून २०२५-२६ च्या हंगामाआधी सगळी मांडणी नव्याने करण्यात आली.

नवी मांडणी कशी केली?

आपल्यापैकी अनेकांची मुले-मुली संगणकाचे शिक्षण घेत आहेत. त्यांच्यासाठी आणि जिज्ञासू सभासदांसाठी हा भाग जरा तपशिलाने देतो. आज्ञांची नावे सिस्को पद्धतीच्या स्विचवरची आहेत, इतर ठिकाणी शब्द वेगळे असले तरी क्रम हाच.

१. आधी बांध घातले. पूर्वी सगळी यंत्रे एका मोकळ्या रानात होती. आता त्याच वायरींवर तीन वेगळे तुकडे पाडले : काटे, कार्यालय आणि पाहुण्यांचे वाय-फाय. अशा तुकड्याला व्हीलॅन म्हणतात. एका तुकड्यातली दवंडी बांधापलीकडे ऐकू जात नाही. प्रत्येक तुकड्यात स्विचला स्वतःचा एक नंबर दिला, तोच त्या तुकड्याची वेस. ज्या तुकड्यात स्विचचा नंबर नाही तेथे तो कोठ्यातले वाटप करू शकत नाही, म्हणून हे काम पहिले.

२. मग राखीव नंबर बाजूला काढले. बेण्याचा प्लॉट आपण आधी राखून ठेवतो आणि मगच बाकीच्या उसाला तोड देतो. तोड सुरू झाल्यावर बेणे आठवले तर उपयोग नाही. येथेही तसेच. कोठा तयार होताच स्विच वाटायला लागतो, म्हणून "आयपी डीएचसीपी एक्सक्लूडेड-अ‍ॅड्रेस" ही आज्ञा आधी द्यायची आणि तिच्यापुढे राखीव नंबरांतला पहिला व शेवटचा लिहायचा. समजा कार्यालयाचा तुकडा १९२.१६८.२० हा आहे, तर १ ते ५० राखीव ठेवता येतात. त्यात वेस, मुख्य संगणक आणि छापयंत्रे बसतात.

३. त्यानंतर कोठा उघडला. "आयपी डीएचसीपी पूल" आणि पुढे कोठ्याचे नाव. त्याच्या आत "नेटवर्क" म्हणून गावाचा नंबर आणि मोजमाप, "डिफॉल्ट-राउटर" म्हणून वेशीचा नंबर, "डीएनएस-सर्व्हर" म्हणून नावे सांगणाऱ्याचा पत्ता, आणि "लीज" म्हणून मुदत. प्रत्येक तुकड्याचा कोठा वेगळा. दवंडी कोणत्या तुकड्यातून आली हे पाहून स्विच त्याच कोठ्यातला नंबर देतो.

४. मुदत कामाप्रमाणे ठेवली. आडसालीला एक मुदत, खोडव्याला दुसरी, तसेच हे. मुदत सांगितलीच नाही तर हा स्विच एक दिवस धरतो. कार्यालयातली यंत्रे जागची हलत नाहीत, त्यांना काही दिवसांची मुदत चालते. पाहुण्यांच्या वाय-फायवर माणसे तासाभरासाठी येतात. तेथे आठवड्याची मुदत ठेवली, तर वार्षिक सभेच्या दिवशी दुपारपर्यंत २५४ नंबर संपतील आणि निघून गेलेल्यांच्या नावावर अडकून राहतील. म्हणून तेथे मुदत थोड्या तासांची.

५. काट्यांना वाटपातून वगळले. काट्याचे संगणक, पावतीची छापयंत्रे आणि मुख्य नोंदीचा संगणक यांना कायम नंबर दिले आणि त्यांच्या तुकड्यात कोठाच उघडला नाही. जे यंत्र हलत नाही आणि ज्याच्यावर पावती अवलंबून आहे, त्याने रोज दवंडी पिटत बसू नये. जिथे कायम नंबरही द्यायचा आणि वहीही एकच ठेवायची, तिथे जन्मखुणेवरून नंबर बांधून देण्याची सोय आहे. मग त्या यंत्राला दर वेळी तोच नंबर मिळतो.

६. शेवटी लिहून ठेवले. केलेली मांडणी स्विचच्या चालू स्मरणात असते. वीज गेली की ती पुसली जाते. "कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग" ही आज्ञा दिली म्हणजे ती कायमच्या जागेत उतरते. ठराव झाला पण इतिवृत्तात लिहिला नाही, तर पुढच्या सभेत त्याचा उपयोग काय? वाटपाच्या वहीचीही प्रत दुसरीकडे उतरवून ठेवण्याची सोय असते, तीही केली. तशी हा स्विच एक काळजी स्वतः घेतो : नंबर देण्यापूर्वी त्या नंबरावर दोनदा हाक मारून पाहतो, आतून "ओ" आली तर तो देत नाही आणि भांडणाच्या यादीत टाकतो.

लांबच्या गट कार्यालयात वाटणारा नसेल, तर तेथील वेशीवर निरोप्या नेमता येतो. तो तिथली दवंडी ऐकतो, मुख्य वाटणाऱ्याचा पत्ता त्याला माहीत असतो, त्याच्याकडे सरळ निरोप नेतो आणि उत्तर आणून देतो. गावोगाव वाटणारे नेमण्यापेक्षा एक वही आणि चार निरोपे हे सोपे.

दुसरा पाटकरी उभा राहू नये म्हणून

वरचे सगळे करूनही कोणी पुन्हा घरगुती डबा आणून जोडला तर? यासाठी स्विचमध्ये एक पहारा बसवता येतो, त्याला डीएचसीपी स्नूपिंग म्हणतात. त्यात स्विचची प्रत्येक खाच विश्वासाची की बिनविश्वासाची हे ठरवले जाते. बिनविश्वासाच्या खाचेतून कोणी नंबर मागितला तर हरकत नाही, पण कोणी नंबर देऊ लागला तर त्याचे बोलणे तिथेच अडवले जाते. देण्याचा अधिकार फक्त विश्वासाच्या खाचेला.

हा पहारा सुरू करताना एक काळजी घ्यावी लागते. सुरू होताना तो सगळ्याच खाचा बिनविश्वासाच्या धरतो. तेव्हा खऱ्या वाटणाऱ्याकडे जाणारी खाच आधी विश्वासाची म्हणून सांगावी, नाही तर खरा पाटकरीच वेशीबाहेर राहतो आणि सकाळी कोणत्याच यंत्राला नंबर मिळत नाही. आपल्याकडे केनयार्ड, गट विभाग आणि पाहुण्यांची खोली येथील सर्व खाचा बिनविश्वासाच्या आहेत. यात कोणाचा अपमान नाही. तिजोरीची किल्ली ज्याच्याकडे नसते तो चोर ठरत नाही.

सभासदांनी काय ध्यानात ठेवावे?

पहिली गोष्ट. जाळे बंद असो वा चालू, गाडी काट्यावर उभी असताना दर्शकावरचा आकडा स्वतः पाहावा. तो पाहण्याचा आपला हक्क आहे. जाळे बंद पडल्यास हाताने लिहिलेली पावती मागून घ्यावी, तीवर भरल्या गाडीचे व रिकाम्या गाडीचे अशी दोन्ही वजने, वेळ आणि सही असावी. पुढे संगणकाची पावती मिळाली की दोन्ही ताडून पाहाव्यात. फरक दिसला तर त्याच दिवशी शेतकी कार्यालयात यावे. पंधरवड्याचे बिल या नोंदीवरूनच निघते, तेव्हा बिल हातात पडेपर्यंत थांबू नये.

दुसरी गोष्ट. "नेट गेलं" एवढ्यावर समाधान मानू नये. संगणकाचा नंबर १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्याने दवंडी पिटली पण उत्तर कोणीच दिले नाही असा अर्थ. असा नंबर यंत्र स्वतःच धरून बसते. नंबर भलत्याच गावचा असेल, तर दुसरा कोणी वाटतो आहे. नंबर बरोबर असूनही काम होत नसेल, तर दोष पुढे कुठेतरी आहे. काट्यावरील कर्मचाऱ्यांना हे तीन प्रकार ओळखण्याचे शिक्षण दिले आहे आणि त्याचा तक्ता काट्याच्या खोलीत लावला आहे. काटा थांबला तर कारण विचारा, उत्तर या तिन्हींपैकी एक यायला हवे.

तिसरी गोष्ट वाहतूकदार, कंत्राटदार आणि आपली तरुण मुले यांच्यासाठी. कारखान्याच्या कोणत्याही वायरीला आपला वाय-फायचा डबा परस्पर जोडू नये. मोबाईलसाठी पाहुण्यांचे वाय-फाय आहे, ते वापरावे.

चौथी गोष्ट घरची. मागच्या खोलीत किंवा विहिरीवर रेंज मिळत नाही म्हणून अनेक जण जुना डबा दुसऱ्या टोकाला जोडतात आणि मग कधी टीव्ही बंद तर कधी मोबाईल. अशा दुसऱ्या डब्यातले नंबर-वाटप बंद करावे, त्याला पहिल्याच्या गावातला पण कोठ्याबाहेरचा एक नंबर द्यावा, आणि वाटप पहिल्याकडेच ठेवावे. विहिरीवरचा कॅमेरा किंवा मोटारीचे नियंत्रण यंत्र असेल, तर त्याला जन्मखुणेवरून नंबर बांधून द्यावा. घरातले कॉलेजात जाणारे मूल हे काम अर्ध्या तासात करील.

सहकारात वाटप हा नेहमीच नाजूक विषय राहिला आहे. तोडीचा क्रम असो, बेणे असो की सवलतीची साखर, तक्रार बहुतेक वेळा माल कमी असल्याची नसते. कोणी, कोणत्या यादीवरून, किती मुदतीने दिले हे कळत नाही, त्याची असते. संगणकाच्या नंबरांनाही तोच कायदा लागू आहे. यादी लेखी असावी, राखीव काय ते आधी सांगावे आणि देणारा एकच असावा.

येत्या गट सभांत संगणक विभागाचा एक माणूस आमच्याबरोबर राहील. या लेखातले जे उमगले नसेल ते त्याला विचारावे. काट्यावर आलेल्या अडचणी तारीख, वेळ आणि पावती नंबरासह लेखी दिल्यास शोध घेणे सोपे जाईल. लागणीच्या नोंदी वेळेत द्याव्यात, ही नेहमीची विनंती आहेच.



आपला,
ऊस विकास अधिकारी
शेतकी विभाग